समुपदेशक निवडताना

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून मनाचा डॉक्टर गाठायचा, तर अख्खा दिवस प्रवासात जातो. पहिलं पाऊल मात्र घरबसल्या टाकता येतं. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मोफत, चोवीस तास सुरू आहे. १४४१६ लावा, भाषा निवडा. समोर प्रशिक्षित समुपदेशक येतो. गरज भासल्यास तो पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो.

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर. औषधं लिहून देणं त्याचं काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, संवादातून उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडची त्याची नोंदणी तपासता येते.

पहिल्या भेटीत निःसंकोच विचारा: शिक्षण काय, फी किती, साधारण किती भेटी लागतील? अहिराणी, भिली किंवा पावरीत बोललेलं तुम्हाला समजेल का?

सूर जुळला नाही, तर समुपदेशक बदलावा.

गावात बभ्रा होईल या भीतीने अनेकजण मागे फिरतात. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

जीव नकोसा वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. घरच्या एकाला सांगा आणि लगेच १४४१६ लावा.