आर्द्रा, पुनर्वसू आणि विम्बल्डन

सेलू हे वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागणारे तालुक्याचे गाव. येथे तहसील कचेरी आहे, बाजार समिती आहे, कापूस-सोयाबीनची उलाढाल आहे, आणि तालुक्यातच बोर धरण व त्याच्या भोवतीचे वाघांचे अरण्यही आहे. परंतु टेनिस या खेळाचा व या गावाचा काही संबंध असल्याचे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडावयाचे नाही. असे असताही, जूनच्या अखेरीस आर्द्रा नक्षत्र सरत आले आणि पाऊस पेरणीला पुरेल की दुबार पेरणीचा प्रसंग आणील या विवंचनेत सारा तालुका आकाशाकडे पाहू लागला, की येथील काही मोजके गृहस्थ त्याच विवंचनेतून थोडी सवड काढून लंडनच्या एका उपनगरातील हिरवळीवर काय चालले आहे याची नित्यनेमाने चौकशी करू लागतात, आणि पुनर्वसू लागेपर्यंत त्यांच्या मनःस्थितीचा चढउतार पर्जन्यमानावर अधिक अवलंबून आहे की मानांकितांच्या जयापजयावर, हे त्यांच्या घरच्या माणसांनाही निश्चित सांगता येत नाही.

या भक्तीचे स्वरूप क्रिकेटच्या भक्तीहून मुळातच भिन्न आहे. क्रिकेटमध्ये आपला पक्ष आपल्याला जन्मतःच मिळतो. तो निवडावा लागत नाही आणि बदलताही येत नाही. टेनिसच्या एकेरीत मात्र अखेरच्या आठवड्यापर्यंत आपला म्हणावा असा मनुष्य बहुधा उरतच नाही. मग प्रेक्षकाने एखाद्या स्पॅनिश, स्विस वा सर्बियन तरुणाला स्वखुशीने आपला ठरवावयाचे, आणि का ठरविले याचे कारण त्याचे त्यालाच द्यावयाचे. कोणी डावखुऱ्याच्या चिकाटीला भुलतो, कोणी एकहाती बॅकहँडच्या लालित्याला, तर कोणी केवळ सर्व जग ज्याच्या विरुद्ध आहे त्याच्या बाजूला जाऊन बसतो. जन्मसिद्ध निष्ठेचा पराभव चार लोकांत वाटून घेता येतो, परंतु स्वतः निवडलेल्या माणसाचा पराभव हा आपल्याच निवडीवर लागलेला निकाल असतो. म्हणून टेनिसचा प्रेक्षक हरतो तेव्हा एकटा हरतो, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याची समजूत घालावयास कोणी येत नाही, उलट चिडवावयास मात्र दोघेतिघे हजर असतात.

एकेरीत आपला मनुष्य असण्याचा काळ अगदीच आला नाही असे नव्हे. १९३९ साली गौस महंमद यांनी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. पुढे रामनाथन कृष्णन यांनी १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे उपांत्य फेरी गाठली, पहिल्या खेपेस नील फ्रेझरकडून व दुसऱ्या खेपेस रॉड लेव्हरकडून ते हरले, आणि दोन्ही खेपांस त्यांना हरविणाराच पुढे विजेता ठरला. लेव्हरपुढे हरण्याआधी त्यांनी रॉय एमर्सनसारख्या खेळाडूला सरळ सेटमध्ये गारद केले होते. त्या काळी वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला ही वार्ता नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रातल्या तीन-चार ओळींतून कळावयाची, आणि त्या ओळींत फटक्यांचे वर्णन नसून केवळ आकडे असावयाचे. परंतु आकडे वाचण्याची एक विद्या असते. ६-१, ६-४, ६-४ एवढ्या सामग्रीवरून पहिला सेट कसा झटक्यात गेला असेल, नंतर प्रतिपक्ष कसा सावरला असेल आणि तरीही कोठे कमी पडला असेल, याचे चित्र मनात रंगविणारे वाचक त्या पिढीत होते, आणि आजच्या पडद्यावरील चित्राहून ते फारसे कमी ठसठशीत असेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहूनही जुनी व जवळची अशी एक कथा आहे, आणि तिची आठवण आपण जवळजवळ टाकून दिली आहे हे नमूद करणे भाग आहे. वेदवाङ्मयाचे व्यासंगी पंडित शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमा राव या संस्कृत काव्य रचीत आणि टेनिसही उत्तम खेळत. गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहावर त्यांनी अनुष्टुभात रचलेली ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात पद्यबद्ध केली. त्यांची कन्या लीला राव ही १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकली, आणि तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. ज्या वर्षी गांधीजींनी वर्ध्यास आपले ठाणे केले त्याच वर्षी, त्यांच्यावर महाकाव्य रचणाऱ्या विदुषीची मुलगी साता समुद्रांपलीकडे हिरवळीवर रॅकेट चालवीत होती. या योगायोगातून काही तत्त्व काढावे असे नाही, परंतु टेनिस हा केवळ साहेबांचा व संस्थानिकांचा खेळ आणि आपल्या परंपरेशी त्याचे गोत्र नाही, असे जे सरसकट बोलले जाते, त्याचे खंडन एवढ्या एका घराण्याने होते. पाणिनी आणि परतीचा फटका एकाच घरात सुखाने नांदत होते.

५ जुलै १९८० चा बोर्ग-मॅकेन्रो अंतिम सामना हा आमच्या पिढीचा खरा उपनयनसंस्कार. त्याच्या आदल्याच वर्षी विजय अमृतराज यांनी दुसऱ्या फेरीत बोर्गविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक अशी आघाडी घेऊन ती गमावली होती, त्यामुळे बोर्गविषयी आमच्या मनात किंचित किल्मिष होते. तथापि चौथ्या सेटचा तो ३४ गुणांचा टायब्रेक १६-१८ असा हरूनही, हातातोंडाशी आलेले अजिंक्यपद पुन्हापुन्हा निसटूनही, जो मनुष्य पाचव्या सेटमध्ये जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने उतरला आणि ८-६ असा जिंकला, त्याच्याविषयी किल्मिष बाळगणे शक्य नव्हते. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांतून झाली, आणि १९८५ साली बिनमानांकित, सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने केव्हिन करनला हरविले तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या घरी आळी, अशी स्थिती झाली. इंग्रजी समालोचन न कळणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘पंधरा, तीस, चाळीस’ हा हिशेब समजावून देता देता तरुणांची पुरेवाट व्हावयाची, कारण चाळीस का आणि पंचेचाळीस का नाही, या त्यांच्या रास्त पृच्छेला कोणापाशीही उत्तर नव्हते. दुहेरीने पुढे राष्ट्राभिमानाचीही हौस फेडली. १९९९ मध्ये पेस-भूपती जोडी जिंकली, २०१५ मध्ये सानिया मिर्झा. तरी दुहेरीचा आनंद हा सणासारखा असतो, आणि एकेरीचा ध्यास वर्षभर पुरतो.

हा ध्यास इतका का जडावा, याचे कारण मला खेळाच्या हिशेबातच सापडते. टेनिसला घड्याळ नाही. आघाडी घेऊन वेळ काढण्याची सोय नाही. शेवटचा गुण जिंकल्यावाचून सामना बरखास्त होत नाही. शिवाय सर्व गुण समान मोलाचे नाहीत. २०१९ च्या अंतिम सामन्यात फेडररने एकंदर २१८ गुण मिळविले व जोकोविचने २०४; पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी व स्वतःची सर्व्हिस असता फेडररपाशी अजिंक्यपदाचे दोन गुणही होते; तरी जवळजवळ पाच तासांनंतर निकाल १३-१२ असा जोकोविचच्या बाजूने लागला. शहरातील आकडेशास्त्री याला विरोधाभास म्हणतील, परंतु आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. वर्षाचा पाऊस मिलिमीटरमध्ये सरासरीइतका भरला असे कचेरीचे पत्रक सांगते, आणि तरी पऱ्हाटी वाळलेली असते; कारण पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला याला महत्त्व. तीन चांगल्या सरी चुकीच्या पंधरवड्यात आल्या तर त्यांचे मोल कोरड्या आकड्याहून अधिक नसते. फेडररचे ते चौदा जादा गुण याच जातीचे होते, आणि त्या रात्री सेलूत ज्यांनी हळहळ केली त्यांना ते शब्दांनी सांगावे लागले नाही.

२०२५ च्या हंगामाने या मंडळींची परीक्षाच पाहिली. ८ जूनला, मृग नुकताच लागलेला आणि उकाडा तसाच, पॅरिसच्या लाल मातीवर सिन्नर दोन सेट जिंकून चौथ्यात ५-३ ने पुढे आणि अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन गुण अजिंक्यपदाचे. तिन्ही अल्काराझने वाचविले, आणि ५ तास २९ मिनिटांनी, आमच्याकडे मध्यरात्र होऊन गेल्यावर, तो विजयी झाला. सिन्नरचा पक्ष घेतलेल्यांनी त्या आठवड्यात आमच्या बैठकीकडे फिरकणे टाळले. मग विम्बल्डनला चौथ्या फेरीत याच सिन्नरविरुद्ध ग्रिगोर दिमित्रोव्ह दोन सेटनी पुढे होता, तिसऱ्यात २-२ अशी बरोबरी होती, आणि छातीच्या स्नायूला इजा होऊन त्याला सामना सोडावा लागला; जो विजय सिन्नरला पॅरिसला हक्काचा असून मिळाला नव्हता, तो येथे न मागता पदरात पडला. नंतर त्याने उपांत्य फेरीत जोकोविचला व १३ जुलैला अंतिम फेरीत अल्काराझला, पहिला सेट गमावूनही, ४-६, ६-४, ६-४, ६-४ असे हरविले. स्त्रियांचा अंतिम सामना मात्र पाहवला नाही: इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ५७ मिनिटांत ६-०, ६-० असे नमविले, आणि असा निकाल विम्बल्डनच्या अंतिम फेरीत १९११ नंतर लागला नव्हता. जिंकणारीचे कौतुक करावे हे खरे, परंतु अनिसिमोव्हाने उपांत्य फेरीत अव्वल मानांकित सबालेन्काला हरविले होते हे त्या ५७ मिनिटांपुढे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. सप्टेंबरात न्यूयॉर्कला अल्काराझने परतफेड केली. तो सामना चार सेटमध्ये संपला आणि खरे सांगावयाचे तर पॅरिसपुढे फिका होता.

आणखी एक फरक त्याच वर्षी झाला. विम्बल्डनने चेंडू आत की बाहेर याचा फैसला देणारे रेषापंच बरखास्त केले आणि ते काम यंत्राकडे सोपविले. त्यातही स्त्रियांच्या एका सामन्यात यंत्र कोणा माणसाच्या चुकीने बंद राहिले आणि गुण पुन्हा खेळवावा लागला. आमच्यातल्या सेवानिवृत्त मंडळींना याचा फार संतोष झाला. माझे मत इतकेच, की पंचाशी हुज्जत घालणारा मॅकेन्रो ज्यांनी पाहिला त्यांना निमूटपणे यंत्राचा हुकूम मानणारा खेळाडू थोडा अळणी वाटणारच. अचूकता वाढली हे कबूल, नाट्य घटले हेही तितकेच खरे.

ज्या वाचकांनी आजवर केवळ अंतिम सामनेच पाहिले असतील त्यांना एक विनंती आहे. अंतिम फेरीला सारे जग येते. खरा चढउतार पहिल्या आठवड्यात, बाहेरच्या कोर्टांवर, फारसे नाव नसलेल्यांच्या पाच-पाच सेटांत असतो. येत्या हंगामात पहिल्या दिवशीच यादीतून एखादा बिनमानांकित खेळाडू निवडावा, तो हरेपर्यंत त्याची साथ सोडू नये, आणि हरल्यावर ज्याने त्याला हरविले त्याच्या मागे जाऊ नये. मेलबर्नची स्पर्धा जानेवारीत असते. पहिले सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतात, आणि कापसाच्या वेचणीला निघण्यापूर्वी एखादा सेट सहज पाहून होतो.