लॉग वाचताना नोंदी का गळतात?

प्रतिनिधी

दुकानाची खतावणी हरवली, तरी रोजकीर्द शाबूत असेल तर हिशेब पुन्हा उभा करता येतो. संगणकावरील डेटाबेसचेही असेच आहे. ‘मायएसक्यूएल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत ‘बायनरी लॉग’ची सोय चालू असेल, तर माहितीत होणारे बदल त्या लॉगमध्ये क्रमाने नोंदले जातात. एखाद्याच्या हातून चुकून अख्खा तक्ता पुसला गेला, तर आधीचा बॅकअप परत चढवायचा आणि त्यानंतरच्या नोंदी चूक घडण्यापूर्वीच्या क्षणापर्यंत पुन्हा चालवायच्या, असा त्यावरचा उपाय आहे.

हा लॉग सरळ उघडून वाचता येत नाही. त्यासाठी ‘मायएसक्यूएलबिनलॉग’ हे साधन आहे. ते आज्ञा टंकून चालवावे लागते. वादाचा विषय आहे तो या साधनातील ‘डेटाबेस’ हा पर्याय.

समजा, एका सर्व्हरवर ‘पगार’ आणि ‘हजेरी’ असे दोन डेटाबेस आहेत. या पर्यायापुढे ‘पगार’ असे लिहिले, की पगाराच्या सर्व नोंदी आणि केवळ त्याच मिळतील, अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात तसे होईलच असे नाही.

जुन्या नोंदपद्धतीत वापरकर्त्याने दिलेली आज्ञा जशीच्या तशी लिहिली जाते. त्या वेळी त्याने ‘यूज’ या आज्ञेने कोणता डेटाबेस निवडला होता, हेही सोबत नोंदले जाते. चाळणी लागते ती या निवडीला. त्यामुळे ‘हजेरी’ निवडलेला असताना कोणी ‘पगार’मधील तक्त्याचे पूर्ण नाव देऊन त्यात भर घातली, तर ती नोंद गाळली जाते. उलट ‘पगार’ निवडलेला असताना हजेरीत केलेला बदल यादीत येतो.

मग हा दोष म्हणायचा की योजना? प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत हे वर्तन उदाहरणासह दिलेले आहे. म्हणजे ते हेतुपुरस्सर आहे. एकच आज्ञा अनेक डेटाबेसमधील तक्ते बदलू शकते. ती कोणाच्या खात्यात धरायची, हे आज्ञेच्या मजकुरावरून ठरवणे अवघड असते. निवडलेल्या डेटाबेसचे नाव पाहणे त्या मानाने सोपे आहे.

तरीही वापरकर्त्यांची तक्रार रास्त वाटते. पर्यायाचे नाव एक सुचवते आणि काम वेगळेच होते. कोणती नोंद गाळली, हेही साधन सांगत नाही. पुनर्बांधणीनंतर पगाराचा तक्ता वरकरणी पूर्ण दिसेल आणि त्यातील चार रकमा मात्र जुन्याच राहतील.

2008 मध्ये स्थिर झालेल्या 5.1 या आवृत्तीत ओळनिहाय नोंदीची पद्धत आली आणि 2015 च्या 5.7 पासून तीच मूळ पद्धत ठरली. तीत बदललेली ओळ कोणत्या डेटाबेसच्या कोणत्या तक्त्यातील आहे, हे नोंदलेले असल्याने चाळणी अपेक्षेप्रमाणे लागते. मात्र तक्ता निर्माण करणे, त्याची रचना बदलणे किंवा तो काढून टाकणे या आज्ञा अजूनही मजकूररूपानेच लिहिल्या जातात. त्यांना जुनाच नियम लागू आहे.

म्हणून संकटाच्या वेळी या चाळणीवर विसंबू नये. वेगळ्या सर्व्हरवर सर्व डेटाबेसचा बॅकअप चढवून लॉग न गाळता चालवावा आणि मग हवा तो डेटाबेस उचलावा. यात वेळ अधिक जातो, पण एकही नोंद नकळत सुटत नाही.