जेनेरिक प्रकारांचे नियम आणि तर्कवाक्ये : रस्ट भाषेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रस्ट या संगणकीय भाषेतील जेनेरिक प्रकारांचे नियम तर्कशास्त्रातील वाक्यांच्या रूपात मांडता येतात. प्रस्तुत लेखात हे रूपांतर कसे होते, साधी तर्कवाक्ये कोठे अपुरी पडतात आणि त्या उणिवेचा आज्ञावलीच्या सुरक्षिततेशी कोणता संबंध आहे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : जेनेरिक प्रकार, ट्रेट, हॉर्न वाक्य, प्रोलॉग, रस्ट, चॉक

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीतील प्रत्येक मूल्याला एक ‘प्रकार’ असतो. संख्या हा एक प्रकार, अक्षरमाला हा दुसरा. ‘यादी’ हा प्रकार मात्र एकटा पूर्ण होत नाही. कशाची यादी, हे सांगावे लागते. अशी रिकामी जागा असणाऱ्या प्रकारांना जेनेरिक प्रकार म्हणतात. एकदा लिहिलेली आज्ञावली अनेक प्रकारांसाठी वापरता यावी, हा त्यामागील हेतू होय. परंतु त्या जागी कोणताही प्रकार चालतोच असे नाही. यादी क्रमाने लावायची असेल, तर तिच्यातील घटकांची परस्पर तुलना करता आली पाहिजे. अशी क्षमता सांगणाऱ्या घोषणेला रस्ट भाषेत ‘ट्रेट’ म्हणतात. हास्केल भाषेसाठी फिलिप वॅडलर व स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘टाइप क्लास’ ही संकल्पना तिची पूर्वज मानता येईल.

रस्ट भाषेची सुरुवात ग्रेडन होअर यांनी २००६ च्या सुमारास वैयक्तिक प्रकल्प म्हणून केली. पुढे मोझिला संस्थेने तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. या भाषेचे विकासक निको मॅट्साकिस यांनी २०१७ च्या प्रारंभी ट्रेटचे नियम तर्कवाक्यांत उतरविण्याची पद्धत मांडली. त्यातूनच ‘चॉक’ हा प्रकल्प उभा राहिला.

उद्दिष्टे

१) जेनेरिक नियमांचे तर्कवाक्यांत होणारे रूपांतर उदाहरणाने स्पष्ट करणे.
२) साध्या हॉर्न वाक्यांच्या मर्यादा दाखविणे.
३) या रूपांतराचे व्यावहारिक महत्त्व विशद करणे.

नियमाचे वाक्यात रूपांतर

तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड हॉर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाक्याची रचना साधी असते : ‘अमुक सत्य, जर तमुक आणि तमुक सत्य.’ न्यायशास्त्रातील व्याप्ती, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’, ही याच साच्यात बसते. अशा वाक्यांचाच आज्ञावली म्हणून उपयोग करणारी प्रोलॉग ही भाषा १९७२ च्या सुमारास मार्सेय येथे आलाँ कोल्मेरोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली. तिच्या सैद्धान्तिक पायात रॉबर्ट कोवाल्स्की यांचा मोठा वाटा आहे.

मोडनिंबसारख्या गावातील फळबाजाराचे उदाहरण घेऊ. डाळिंबे पेटीत भरली जातात आणि पेट्या गाडीत चढतात. ‘वजनयोग्य’ हा ट्रेट आहे आणि ‘पेटी’ व ‘गाडी’ हे जेनेरिक प्रकार आहेत असे मानल्यास, आज्ञावलीतील घोषणांची पुढील तीन वाक्ये होतात :

१. वजनयोग्य(डाळिंब).
२. वजनयोग्य(पेटी(क्ष)) जर वजनयोग्य(क्ष).
३. वजनयोग्य(गाडी(क्ष)) जर वजनयोग्य(क्ष).

पहिले वाक्य निरुपाधिक आहे. दुसऱ्यातील ‘क्ष’ ही जेनेरिक प्रकाराची रिकामी जागा होय. आता ‘वजनयोग्य(गाडी(पेटी(डाळिंब)))’ सत्य आहे काय, असा प्रश्न विचारला असता तिसऱ्या वाक्याने तो ‘वजनयोग्य(पेटी(डाळिंब))’ येथे येतो, दुसऱ्याने ‘वजनयोग्य(डाळिंब)’ येथे येतो आणि पहिल्या वाक्याने सिद्ध होतो. प्रश्न गाडीभर पावत्यांचा असेल, तर साखळी ‘वजनयोग्य(पावती)’ येथे येऊन थांबते. त्यासाठी वाक्यच नसल्याने कंपायलर ती आज्ञावली नाकारतो. थोडक्यात, प्रकारांची तपासणी करणारा कंपायलर येथे एक सिद्धताच शोधत असतो.

हॉर्न वाक्यांच्या मर्यादा

पहिली मर्यादा समानतेची आहे. पेटीचा ‘घटक’ कोणता, हेही ट्रेटमध्ये सांगता येते. त्यामुळे ‘घटक(पेटी(डाळिंब))’ आणि ‘डाळिंब’ ही एकाच प्रकाराची दोन नावे होतात. प्रोलॉगमधील जुळणी केवळ शब्दरूप पाहते. तिच्या दृष्टीने ही दोन नावे भिन्न आहेत. म्हणून ‘घटक(पेटी(क्ष)) चे सामान्य रूप क्ष आहे’ अशी स्वतंत्र वाक्ये जोडून समानतेचा अर्थच विस्तारावा लागतो. ज्याचे सामान्य रूप अद्याप ठरलेले नाही, असे ‘घटक(त)’ हे नावही त्या प्रकाराचे प्रतिनिधी म्हणून जपून ठेवावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. समजा, कोणत्याही वजनयोग्य प्रकाराची गाडी तोलणारे एक जेनेरिक फंक्शन लिहिले. सी प्लस प्लसच्या पारंपरिक टेम्प्लेटमध्ये अशा मजकुराची पूर्ण तपासणी प्रत्यक्ष प्रकार भरल्यानंतरच होते; चूक फंक्शन लिहिणाऱ्याची असली तरी ती वापरणाऱ्याच्या पदरी पडते. रस्टमध्ये फंक्शन लिहितानाच, एकदाच आणि सर्व प्रकारांसाठी तपासणी होते. त्यासाठी विचारायचा प्रश्न असा : ‘प्रत्येक क्ष साठी, वजनयोग्य(क्ष) गृहीत धरल्यास वजनयोग्य(गाडी(पेटी(क्ष))) सिद्ध होते काय?’

या प्रश्नातील ‘प्रत्येक’ आणि ‘गृहीत धरल्यास’ या दोन्ही गोष्टी हॉर्न वाक्यांच्या प्रश्नांत मांडता येत नाहीत. त्यासाठी ‘हेरेडिटरी हॅरॉप’ सूत्रांचा आधार घेतला जातो. या सूत्रांचा तार्किक प्रोग्रॅमिंगसाठी सखोल विचार डेल मिलर, गोपालन नडाथूर आदी अभ्यासकांनी केला. पद्धत अशी की, क्ष च्या जागी पूर्वी कोठेही न आलेले नवे नाव ठेवायचे, गृहीतक तात्पुरते वाक्यसंग्रहात मिसळायचे आणि सिद्धता पूर्ण होताच ते काढून टाकायचे. नव्या नावाविषयी गृहीतकाखेरीज काहीच ठाऊक नसल्याने, त्याच्यासाठी सिद्ध झालेली गोष्ट सर्वांसाठी सिद्ध होते.

चुकीच्या ‘होय’चे मूल्य

ही चर्चा केवळ सैद्धान्तिक नाही. रस्टमधील ‘सेंड’ हा ट्रेट एखादे मूल्य एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे सुरक्षितपणे देता येते की नाही, हे सांगतो. एका मूल्याचे किती धारक आहेत याची साधी मोजणी ठेवणारा ‘आरसी’ हा प्रकार ‘सेंड’ नाही. दोन थ्रेडनी ती मोजणी एकाच वेळी बदलली तर आकडा चुकेल आणि वापरात असलेली स्मृती मोकळी केली जाईल. मोजणी सुरक्षित रीतीने करणारा ‘आर्क’ हा प्रकारही त्यातील मूल्य ‘सेंड’ आणि ‘सिंक’ असेल तरच ‘सेंड’ ठरतो. हेही एक ‘जर’ असलेले वाक्यच आहे. सिद्धता शोधणाऱ्या यंत्रणेने येथे एक चुकीचे ‘होय’ दिले, तर भाषेने दिलेली सुरक्षिततेची हमी कोसळते.

चुकीचे ‘नाही’ही त्रासदायक ठरते. साखळीरूप यादीची प्रत्येक गाठ पुढील गाठ धारण करते. त्यामुळे ‘गाठ सेंड आहे काय?’ हा प्रश्न फिरून स्वतःपाशीच येतो आणि साधे प्रोलॉग तेथे अखंड फिरत राहील. ‘सेंड’सारख्या स्वयंचलित ट्रेटसाठी असे वर्तुळ ग्राह्य धरले जाते, कारण वाटेत कोणताही विरोधी पुरावा आढळलेला नसतो, बहुतेक सामान्य ट्रेटसाठी मात्र ते नाकारले जाते. काही नियम प्रत्येक पायरीला मोठा होत जाणारा प्रश्न निर्माण करतात. त्यांना आवर घालण्यासाठी रस्टच्या कंपायलरमध्ये पायऱ्यांची मर्यादा असून ती मूलतः १२८ आहे. शिवाय ‘आज सिद्ध होत नाही’ म्हणजे ‘असत्य आहे’ असे नेहमीच म्हणता येत नाही. दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात उद्या नवे वाक्य जोडले जाऊ शकते. दोन घोषणा परस्परांवर आच्छादित होत नाहीत ना, हे ठरविताना हा भेद निर्णायक ठरतो.

पुढील वाटचाल

चॉक हा प्रकल्प रस्टच्या मुख्य कंपायलरचा कायमचा भाग झाला नाही. तथापि त्याच्या अनुभवातून कंपायलरसाठी नवी सिद्धता-यंत्रणा घडविण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या १.८४ या आवृत्तीपासून घोषणांच्या परस्पर सुसंगतीची तपासणी या नव्या यंत्रणेकडे सोपविण्यात आली.

निष्कर्ष

१) जेनेरिक प्रकाराचा नियम हा स्वभावतःच ‘जर–तर’ स्वरूपाचे विधान असल्याने त्याचे तर्कवाक्यात रूपांतर नैसर्गिक ठरते.
२) जेनेरिक प्रकार वापरताना हॉर्न वाक्ये बऱ्याच अंशी पुरतात, जेनेरिक फंक्शन तपासताना मात्र ‘प्रत्येक’ व ‘गृहीत धरल्यास’ यांची जोड आवश्यक असते.
३) समानता, वर्तुळे आणि अपूर्ण माहिती हे प्रश्न रूपांतरामुळे निर्माण होत नाहीत. ते कंपायलरमध्ये आधीपासूनच दडलेले असतात; तर्कवाक्यांमुळे ते स्पष्ट शब्दांत समोर येतात आणि त्यांची उत्तरे पडताळून पाहता येतात.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्र हा अभ्यासक्रमातील एक सुटा विषय वाटतो. वास्तविक, आज्ञावली कंपायलरकडे सोपविल्यावर ती स्वीकारली जाते किंवा नाकारली जाते, त्यामागे हेच शास्त्र कार्यरत असते.