एकाच गिऱ्हाइकाची गिरणी

गिरणी बंद पडली की आम्ही कापडवाले दोनच गोष्टी विचारतो: कापूस कुठला आणि गिऱ्हाईक कोण? एस्टोनियातील नार्वा शहराची क्रेनहोम गिरणी १८५७ सालची. सोव्हिएत राजवटीत कापूस मध्य आशियातून येई, माल सोव्हिएत बाजारात खपे. हजारोंची रोजी चाले. १९९१ साली देश स्वतंत्र झाला आणि दोन्ही वाटा आटल्या. १९९२ मध्ये क्रून हे नवे चलन आले. आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा भाव बांधला. पैशाला पत आली, पश्चिमेशी व्यापार वाढला. नार्वातील बहुसंख्य लोक मात्र रशियन भाषिक. नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा आडवी आली. गिरणीला स्वीडिश मालक मिळाले, तरी २०१० साली दिवाळे निघाले. चलन सरकार सावरते, गिऱ्हाईक आपणच शोधावे लागते. बंधूंनो, सगळा धंदा एकाच पेढीवर टांगू नका.