बटव्याचे कुलूप

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनातून बाहेर पडणारा मराठी पाहुणा आज रिक्षाचे भाडेही फोनवरून चुकते करतो. २०१६ साली यूपीआय आले आणि फोन हाच आपला बटवा झाला. म्हणून जुना फोन बदलताना कॅमेऱ्याच्या आधी विचारावे, सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील? २०२३ च्या गूगल पिक्सेल ८ साठी ही मुदत सात वर्षांची आहे. अनेक स्वस्त फोनांसाठी ती बरीच कमी असते. वापरलेला फोन घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’वर अवश्य पडताळावा. जुना फोन देण्यापूर्वी त्यातील सर्व माहिती पुसावी. बटवा नवा घ्यावा, तो कुलूप पाहूनच!