पांदण, गायरान आणि माळ

मराठवाडा म्हटला की काळी जमीन, उघडे माळ आणि अवर्षण इतकेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते, आणि अरण्य पाहावयाचे तर मेळघाटात जावे किंवा ताडोबा गाठावा, असा सल्ला जाणती माणसेही देतात. 1952 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या भूमीपैकी एक-तृतीयांश भाग वनाखाली असावा अशी अपेक्षा बाळगली होती. त्या मापाने मराठवाडा फारच मागे पडतो, यात संशय नाही. तथापि सरकारी दप्तरात ज्या भूमीची नोंद ‘वन’ म्हणून झालेली नाही, त्या भूमीवरही वन्य जीवन नांदत असते; आणि ते कसे नांदते हे ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचे आहे, त्याने औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारच्या आसपास, घाई न करता, पायी हिंडावे.

परभणीहून औंढ्यामार्गे हिंगोलीस जाणाऱ्या सडकेवरील हे बाजाराचे गाव. उत्तरेस औंढ्याचे डोंगर आणि दक्षिणेस पूर्णेचे सखल खोरे, अशा दोन भिन्न प्रकृतींच्या मध्ये ते वसले असल्यामुळे काळी, बरड आणि डोंगरउतार ही तिन्ही रूपे या मुलखात एकमेकांच्या जवळ भेटतात. सडकेवरून जाणाऱ्यास दिसतात ती हळद, कापूस आणि सोयाबीनची पिके. बाकीचे सारे पाहावयाचे तर सडक सोडून पांदणीत उतरले पाहिजे.

पांदण म्हणजे गावातून शिवारात जाणारी, दोन्ही अंगांनी झाडोऱ्याने वेढलेली, बैलगाडीपुरती वाट. तिच्या काठाने बोर, बाभूळ, हिवर, कडुलिंब, घाणेरी, मधूनच एखादा जुना पळस, अशी दाटी कोणी न लावता पिढ्यान्‌पिढ्या उगवत आली. नांगर तेथपर्यंत पोचत नाही आणि कुऱ्हाडही क्वचितच पोचते, म्हणून जी गवते आणि वेली शेतातून कधीच नाहीशा झाल्या त्यांना येथे आसरा मिळाला. तितर आणि लावे येथे दडतात, मुंगूस येथून तिथे सुळकन निघून जाते, आणि धूळ मऊ असेल तर पहाटे कोल्ह्याची किंवा खोकडाची पावले स्पष्ट उमटलेली दिसतात. माणसाने आपल्या सोयीसाठी सोडलेली ही चिंचोळी पट्टी प्राण्यांनीही आपला राजमार्ग मानली आहे, आणि माझ्या मते या प्रदेशाच्या निसर्गाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

पांदण संपते तेथे शिवार उघडते. हरभरा आणि ज्वारी उभी असताना काळवीटांचे कळप या काळ्या रानात येतात; मळसूत्री शिंगांचा काळा नर आणि त्याच्यामागे फिकट तपकिरी माद्या, हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी डोळे निवत नाहीत. मात्र आपण ज्याला सौंदर्य म्हणतो, ते शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर चरत असते, हे विसरून चालणार नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्या भयाने आखाड्यावर जागल करणाऱ्या माणसाची रात्र कशी जाते, हे त्याच्याकडूनच ऐकावे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे दूरच्या मध्य आशियातून आणि पूर्व युरोपातून येऊन ज्वारीवर उतरतात, तेव्हा गोफण फिरविणारा हात त्यांना शत्रूच समजतो. पण हीच पाखरे टोळ आणि नाकतोडे यांचा फडशा पाडतात.

औंढ्याकडे चढू लागले की माती विरळ होते, मुरूम वर येतो आणि साग, धावडा, सालई, सीताफळ यांचे पानझडी रान सुरू होते. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाला येणारे लाखो यात्रेकरू, आणि नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश येथेच झाला ही कथा सांगणारे वारकरी, देवळाचे दर्शन घेऊन परततात. मागच्या डोंगराकडे फारसे कोणी वळत नाही. त्याच डोंगरात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 साली मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांसाठी अशी जागा हवी होती, की जिथे जमीन शक्य तितकी निश्चल असावी. या डोंगरांची शांतता शास्त्रज्ञांनी मोजून निवडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, आणि त्यांच्या फुगवट्याच्या काठी हिवाळी पाहुण्यांची वस्ती होऊ लागली. मार्गशीर्षापासून चक्रवाक, थापट्या आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब येथे पाहावेत. फाल्गुनात पळस पेटला की ते परतीला लागतात.

हे सारे तुकडे परस्परांशी जोडलेले आहेत, याचा पुरावा एका वाघाने दिला. भारतीय वन्यजीव संस्थेने फेब्रुवारी 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातील ‘टी-1 सी-1’ या तरुण नराच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो यवतमाळ जिल्ह्यातून बाहेर पडला आणि तेलंगणाचा मुलूख, पैनगंगेचे खोरे, हिंगोली जिल्हा असे करीत, सुमारे 1300 किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा झुडपात पडून राहावे आणि रात्री नाल्यांच्या व शेतांच्या कडेने पुढे सरकावे, असा त्याचा क्रम होता. त्या प्रवासात एक मनुष्य किरकोळ जखमी झाला, तोही वाघ विसावला होता त्या झुडपात शिरल्यामुळे. हिंडणाऱ्याने दाट जाळीत शिरू नये, उभ्या पिकातून जाऊ नये आणि राखीव वनात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये, हे नियम याच कारणासाठी पाळावयाचे.

अशा वाटांना कायद्याचा आधार किती, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडात 1949 च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचे बंधन स्थानिक सत्तांवर घातले, आणि म्हणून तेथील नागरिक आजही खासगी शेतातून हक्काने चालतो. आपल्याकडे 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेचे 143 वे कलम यांनी तहसीलदारास शेतवाटेवरील अडथळा दूर करण्याचा आणि बांधावरून वाट देण्याचा अधिकार दिला आहे. मात्र हा अधिकार वाटेपुरता आहे. वाटेकडेच्या झाडोऱ्याचा त्यात विचार नाही. 2021 मध्ये शासनाने पाणंद, म्हणजेच पांदण, रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू केली. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शेतमाल बाहेर काढणाऱ्यास पक्की वाट मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु रुंदीकरणाची आखणी करताना निदान एका बाजूची बोरी-बाभळी राखावी, आणि ती राखल्याची नोंद मोजणीच्या नकाशावर व्हावी, अशी मागणी ग्रामसभेने ठरावाने करावयास हरकत नाही.