कोकणातल्या बीचवर सायकल चालवायचीय? मग घड्याळाआधी तिथी बघा

सुट्टीच्या हंगामात एक व्हिडिओ हमखास फिरतो. कोकणातला समुद्रकिनारा, वाळूत रुतलेली पर्यटकांची चारचाकी, चाकांपर्यंत आलेलं पाणी आणि दोरखंड लावून ती ओढणारे गावकरी. खाली कमेंट्स ठरलेल्या असतात.

गंमत अशी की त्याच किनाऱ्यावर, त्याच दिवशी, दोन-तीन तास आधी एखादं शाळकरी पोरगं साधी सायकल घेऊन आरामात फिरून गेलेलं असतं.

फक्त वजनाने हा फरक पडत नाही. वाळूचा कोणता पट्टा आणि दिवसाची कोणती वेळ, यावर सगळं ठरतं. घरच्यांसोबत कोकणात निघाला असाल आणि सोबत सायकली नेणार असाल किंवा तिथे भाड्याने घेणार असाल, तर हे गणित आधीच समजून घेतलेलं बरं.

एकाच बीचवर तीन प्रकारची वाळू

माडाच्या किंवा सुरूच्या बनातून बाहेर पडलं की आधी लागते ती कोरडी वाळू. तिचे कण एकमेकांना धरून नसतात, त्यामुळे चाक रुततं आणि पॅडल मारून दम निघतो.

त्याच्या पुढे, ओहोटीने नुकताच मोकळा केलेला ओलसर पट्टा असतो. सायकलचा रस्ता हाच. कणांच्या फटींमध्ये थोडं पाणी, थोडी हवा असते आणि त्या पाण्याचा पातळ थर कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा ढासळतो, त्याचं कारणही हेच.

तिसरा पट्टा अगदी लाटांजवळचा, आरशासारखा चकाकणारा. इथे फटींमध्ये फक्त पाणीच उरतं, कणांना धरून ठेवणारी ओढ संपते आणि वाळू पुन्हा सैल होते.

ओल्या वाळूवर पाय दाबला की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते, हे तुम्ही पाहिलं असेल. १८८५ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेले कण सरकायचे तर त्यांना आधी एकमेकांपासून थोडं दूर व्हावं लागतं. मधली जागा वाढते, पाणी आत खेचलं जातं आणि वाळू क्षणभर आणखी घट्ट होते.

सपाट आणि बारीक वाळूचा किनारा असेल तर हा पट्टा किती टणक होऊ शकतो? अमेरिकेतल्या डेटोना बीचवर १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी ताशी ४४५ किलोमीटरच्या वेगाने मोटार पळवली होती. रस्त्यावर नाही, समुद्राकाठच्या वाळूवर!

मग तिथीचा काय संबंध?

टणक पट्टा दिवसभर नसतो. ओहोटीला तो उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. त्यामुळे 'सकाळी सात वाजता सायकली काढू' असं आधीच ठरवून उपयोग नाही. त्या दिवशी सात वाजता पाणी कुठे असेल, हे कळायला हवं.

त्यासाठी कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदा म्हणजे १ आणि पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५.

उदाहरणार्थ, अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे भर दुपारी.

हिशेब जुळतो कारण भरतीची मुख्य सूत्रं चंद्राकडे आहेत. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊणपटीत ४५ मिनिटं धरलेली असल्यामुळे थोडी तफावत राहते. म्हणून हा हिशेब सुट्टीची तारीख ठरवण्यासाठी वापरा. प्रत्यक्ष त्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि गावातल्या कोळीबांधवांना विचारा.

सायकलसाठी कोणते दिवस चांगले?

सकाळी फिरायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढची तृतीया. या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण पहाटे साडेपाच ते सकाळी साडेआठच्या दरम्यान येते.

संध्याकाळी फिरायचं असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या. ओहोटी साधारण चार ते साडेपाचच्या दरम्यान मिळते.

सप्तमी ते नवमी मात्र गैरसोयीची. सकाळ-संध्याकाळ भरती आणि टणक पट्टा उघडा पडतो तो डोक्यावर ऊन असताना.

आणखी एक फरक आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढतं तसं ओहोटीला खूप मागेही जातं, म्हणून पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा चढउतार कमी होतो.

खरा धोका परतीच्या वाटेवर

पट्टा रुंद दिसला की पोरं लांब जातात. मोठेही 'अजून थोडं पुढे' म्हणत राहतात. पण पाणी सारख्या वेगाने वाढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात वाढ जेमतेम जाणवते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण वाढीपैकी जवळपास निम्मी वाढ होते. उधाणाच्या दिवसांत हा वेग आणखी अंगावर येतो.

जाताना सहज ओलांडलेला ओढा किंवा खाडीचं मुख परतताना भरलेलं असू शकतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि वेळ चुकली तर चालत परतता येत नाही. हे तसंच आहे.

सोपा नियम असा : पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेला मागे वळा. म्हणजे परत येईपर्यंत पट्टा शाबूत असतो.

वाऱ्याचाही विचार करा. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात. पावसाळा सोडला तर कोकणात त्यांचा रोख बहुधा वायव्येकडून असतो. संध्याकाळी आधी उत्तरेकडे जा, म्हणजे दमलेल्या मुलांना परतताना वारा पाठीशी मिळेल.

निघण्याआधी आणि आल्यावर

टायरमधली हवा थोडी कमी करा. अंगठ्याने दाबल्यावर टायर जरासा दबला पाहिजे. टायर वाळूवर पसरतो आणि कमी रुततो. डांबरी रस्त्यावर येताना हवा पुन्हा भरा. मुलांच्या सायकलींचे टायर अरुंद असतील तर त्या आधी रुततील, त्यामुळे वेग त्यांच्या हिशेबाने ठेवा.

मऊ वाळूत पुढचं चाक अचानक थांबतं आणि सायकलस्वार पुढे फेकला जातो. हेल्मेट इथेही हवं. लहान मुलाला मागे बसवून वेग घेऊ नका.

जाळी, दोर, वाळत घातलेली मासळी दिसली की उतरून सायकल हातात धरा. किनारा त्यांच्या रोजच्या कामाची जागा आहे.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळा-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीही भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत. तिथे सायकल फिरवू नका. चाकाची खोल चाकोरी पिल्लांसाठी मोठा अडथळा ठरते.

परत आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि चेनला तेल द्या. मीठ आणि वाळू रात्रभर तशीच राहिली तर चेन गंजायला लागते. भाड्याची सायकल असेल तरी निदान पाणी मारून परत द्या.

आणि पावसाळ्यात हा बेत नकोच. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्याची वाळूही ओढली जाते. गेल्या सुट्टीत दिसलेला टणक पट्टा तेव्हा जागेवर असेलच असं नाही.